जुनी टू-स्ट्रोक घ्यायचीये? आधी फाईल बघा, मग इंजिन (नाशिककर नवख्यांसाठी)

यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक बाइकबद्दल, म्हणजे आरएक्सबद्दल, हल्ली कोणी ना कोणी विचारतंच, "दादा, आरएक्स घ्यायचीये, कुठं मिळेल?" विचारणारा बहुतेक वीस-बावीसचा असतो, म्हणजे कंपनीने गाडी बंद केली तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता, पण कॉलेज रोडवरून कोणाची तरी आरएक्स आवाज करत गेली आणि ती याच्या डोक्यात बसली. चांगलंय. फक्त पुढचं सगळं उलट्या क्रमाने होतं, आधी आवाज आवडतो, मग टाकीचा रंग आवडतो, मग टोकन देऊन मोकळे होतात आणि सगळ्यात शेवटी आरसी बुक उघडून बघतात. गाडी शोधण्यापासून पेठ रोडच्या आरटीओपर्यंत मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. टू-स्ट्रोकचं बिघडलेलं इंजिन आपल्याकडे कधीही नीट करून मिळतं, सातपूर-अंबडला लेथवाले काय कमी आहेत का. बिघडलेले कागद कोणताच मिस्त्री बोअर करून देत नाही. खालचे सगळे स्टेप याच हिशोबाने लावलेत.

यात एवढं काय आहे?

हे आधी समजून घ्या, नाहीतर घेतल्यावर सहा महिन्यांत विकाल. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा एकदा पेट्रोल पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला पेटतं. व्हॉल्व नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलेंडरच्या भिंतीतच पोर्ट म्हणजे भोकं असतात आणि पिस्टन वर-खाली होता होता तीच उघडतो-झाकतो. आरएक्स १०० चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, झाले ९८ सीसी, आणि त्यातून ११ बीएचपी. आजची स्प्लेंडर जवळपास तेवढ्याच सीसीत ८ च्या आसपास देते. त्यात आरएक्सचं वजन शंभर किलोच्या आजूबाजूला, म्हणून ती उचलते तशी उचलते, सीसी बघून अंदाज येत नाही.

पण माझ्या मते खरी मजा पिकअपची नाहीच. हेड, सिलेंडर, पिस्टन, क्रँक, कार्बोरेटर, मॅग्नेट, बस, एवढंच इंजिन आहे. रविवारी सकाळी अंगणात पोतं टाकून बसलं तर दुपारच्या जेवणापर्यंत हेड-सिलेंडर उतरवून, कार्बन काढून, परत चढवून होतं आणि ते करताना आपण काय करतोय ते आपल्याला कळत असतं. आताच्या गाडीला सेन्सर आणि स्कॅनर, त्यात आपण फक्त बिल भरायचं.

दुसरी बाजूही ऐका. या इंजिनात जळलेला धूर बाहेर जाताना थोडं न जळलेलं पेट्रोलही सायलेन्सरमधून निघून जातं, वर ऑइल जळतं ते वेगळंच. म्हणून धूर, म्हणून ॲव्हरेज कमी, आणि म्हणूनच प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बंद पडत गेल्या. रोज सिडकोतून अंबडला ड्युटीवर जायला गाडी हवी असेल तर ही घेऊ नका, साधी फोर-स्ट्रोक घ्या आणि ही रविवारसाठी ठेवा.

स्टेप १. कुठली गाडी ते आधी ठरवा

"कुठलीही टू-स्ट्रोक चालेल" असं म्हणून बाहेर पडलात की समोरचा जे आहे ते गळ्यात मारतो.

यामाहा आरएक्स १००: १९८५ ते १९९६. सगळ्यांना हीच पाहिजे म्हणून भाव चढलेला, चकाचक केलेली असेल तर लाखाच्या वर आरामात सांगतात. फायदा हा की पार्ट कुठेही मिळतात आणि प्रत्येक जुन्या मिस्त्रीचा हात बसलेला आहे. तोटा पण हाच, पार्टमध्ये डुप्लिकेटचा सुळसुळाट.

आरएक्स १३५: १०० नंतरची, २००५ पर्यंत निघत होती, चार गिअर आणि पाच गिअर अशा दोन्ही आल्या. खरं सांगू का, चालवायला मला हीच जास्त आवडते आणि कागदही तुलनेने नवे असतात. लोक फक्त नावासाठी १०० च्या मागे लागतात.

टीव्हीएस-सुझुकीवाल्या, म्हणजे समुराई, मॅक्स १००, शोगन, शाओलिन. समुराई आणि मॅक्स अजूनही निफाड-दिंडोरीकडे मळ्यात उभ्या सापडतात आणि आरएक्सपेक्षा बऱ्याच स्वस्तात जातात. नवख्याने सुरुवात करायला मी मॅक्सच सांगेन, कोणी ऐकत नाही ते सोडा. शोगन पळायला भारी पण तिचे बॉडी पार्ट शोधता शोधता दम निघतो.

कावासाकी बजाज केबी १००, आरटीझेड: दणकट गाडी, पार्टसाठी ओळखी लागतात.

राजदूत १७५: एस्कॉर्ट्सची, मूळ पोलंडची डिझाइन. दुधाचे कॅन लावून हिने आपल्याकडची किती घरं चालवलीत त्याला हिशोब नाही. वेगाची अपेक्षा ठेवू नका.

जावा आणि येझदी: म्हैसूरला बनायच्या, जावा १९६१ पासून, १९७३ पासून येझदी नावाने, १९९६ ला कारखाना बंद. या २५० सीसीच्या, म्हणजे "छोट्या" गाड्यांत बसत नाहीत, पण विचारतात सगळे म्हणून लिहिलं. हिची किक आणि गिअर एकाच दांड्याला आहे, दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. बघायला जाल तेव्हा किक शोधत बसू नका, मालकाला लगेच कळतं की गिऱ्हाईक नवीन आहे आणि भाव तिथेच वाढतो. आणि ऑनलाइन पार्ट मागवताना जपून, २०१८ पासून ज्या नव्या जावा आल्या त्या फोर-स्ट्रोक आहेत, नाव एकच असलं तरी पार्ट लागत नाहीत.

राजदूत ३५० चं स्वप्न असेल तर ती पहिली गाडी म्हणून अजिबात नको. पूर्ण विषयच वेगळा आहे, खर्चाचा तर आहेच.

स्टेप २. शोधायची कुठे

ऑनलाइन जाहिराती बघा पण भाव कळण्यापुरत्या. चांगली गाडी जाहिरातीपर्यंत येईपर्यंत दोन-तीन हातांतून फिरलेली असते आणि प्रत्येक हाताने तिला एक रंग मारलेला असतो.

खरी गाडी मिळते ती ओळखीतून. जुन्या मिस्त्रींना सांगून ठेवा, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर कुठेही जा, पन्नाशी ओलांडलेला एक तरी मिस्त्री असा असतो ज्याला कोणाच्या पडवीत काय उभं आहे ते पाठ असतं. एचएएल, नोटप्रेस, मायकोतून रिटायर झालेल्या काकांच्या गाड्या सगळ्यात बेस्ट, एकच मालक, सर्व्हिसची पावती जपून ठेवलेली, टूलकिट सुद्धा जागेवर. फक्त काकांशी घासाघीस करताना जिभेवर ताबा ठेवा. "भंगारात जाईल काका" असं म्हणालात तर चहा प्यायला लावून परत पाठवतील.

मालेगाव, सटाणा, कळवणकडे पण बऱ्याच निघतात, तिकडचं पासिंग एमएच ४१ असू शकतं. गुजरात पासिंगची गाडी स्वस्त दिसली तरी नवख्याने नको, दुसऱ्या राज्याची एनओसी, इकडचा टॅक्स, नवीन नंबर, त्या फेऱ्यांत उत्साह संपतो.

स्टेप ३. कागद, इथे घाई अजिबात नाही

गाडी बघायला जायच्या आधीच आरसीचा फोटो मागवा, दोन्ही बाजूंचा. मालक "कागद ओके आहेत, तुम्ही या तर खरं" एवढंच म्हणत राहिला तर जाऊच नका. फोटो आला की हे बघा:

- वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडी दिसते का. खूप जुन्या गाड्या, विशेषतः १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरवाल्या, कित्येकदा ऑनलाइन चढलेल्याच नसतात. मग आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि ती व्हायच्या आधी नावावर करणं, इन्शुरन्स, नंबरप्लेट सगळंच अडतं. हे काम मालकाने करून द्यायचं असं आधी ठरवा.
- रजिस्ट्रेशनची मुदत. पहिली १५ वर्षं, त्यानंतर दर पाच वर्षांनी रीपासिंग. २०११ ला संपलेली असेल आणि कोणी बघितलंच नसेल तर उशिराची फी साठत गेलेली असते, तो आकडा व्यवहाराच्या आधी काढा.
- एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा. त्या काळात कितीतरी गाड्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर घेतल्या, हप्ते फिटले पण आरसीवरची नोंद उतरवायला कोणी गेलंच नाही. ती उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर शाखा शोधा, पतसंस्थाच बुडाली असेल तर मी तरी ती गाडी सोडून देईन.
- विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. "टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायच्या फॉर्मवर) सही आहे ना, तुम्ही कधीही नावावर करा" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कोऱ्या सह्यांचे फॉर्म घेऊन गाडी चार हातांत फिरते, मूळ मालक पुण्याला गेलेला असतो नाहीतर वारलेला असतो, आणि आता आधार, ओटीपी, सहीची जुळणी यामुळे मूळ माणूस उभा केल्याशिवाय काम पुढे सरकणं अवघड.
- मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१ लागतो. आधी गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग तुमच्या. तीन भाऊ असतील तर तिघांशी बोला, धाकट्याने "वडिलांची आठवण आहे" म्हटलं की व्यवहार मोडला म्हणून समजा, आणि त्याचंही बरोबर आहे.
- थकलेली चलनं, आणि चोरीची नोंद. चोरीसाठी एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) पोर्टलवर गाडीचं एनओसी काढता येतं.

एक गैरसमज इथेच मोडतो. "विंटेजमध्ये पासिंग करू, टेन्शन नाही" असं सांगणारे भेटतील. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि ती रोज रस्त्यावर वापरताही येत नाही. अगदी पहिली आरएक्स सुद्धा २०३५ ला पन्नाशीची होईल. तोपर्यंत आपल्याला साधं रीपासिंगच. आणि दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचं जे चालू असतं ते दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरपुरतं आहे, ते ऐकवून भाव पाडायचा प्रयत्न करू नका, लोक हसतात.

स्टेप ४. गाडी बघायला जाताना

सोबत न्यायचं: टॉर्च, पांढरा कपडा, थोडं पेट्रोल आणि रॉकेल, प्लग पाना, एक कागद-पेन्सिल, आणि शक्य असेल तर मिस्त्री. मिस्त्रीला दोनशे-तीनशे रुपये आणि मिसळ द्या, वसूल होतं.

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत किक मारू नका. पोहोचल्यावर पहिला हात सिलेंडरला लावा. गरम असेल तर इंजिन थंड असताना गाडी उठत नाही हे उघड आहे.

नंबर आधी. चासी नंबर आणि इंजिन नंबर रॉकेलने पुसून आरसीशी एकेक आकडा ताडून बघा, कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट पण घ्या. आकड्यांची ओळ वाकडी, एखादा आकडा खोल, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, असं काही दिसलं तर गाडी कितीही देखणी असली तरी निघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर तेही नकोच. आरएक्समध्ये हे फार होतं, १०० च्या चासीत १३५ चं इंजिन बसतं म्हणून लोक बसवतात आणि मोठ्या कौतुकाने सांगतात सुद्धा.

मग किक हाताने दाबा. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) चांगलं असेल तर किक दाबायला जोर लागतो, बिनविरोध खाली गेली तर बोअर-पिस्टनचं काम आलंच. चोक ओढून दोन-तीन किकेत उठली पाहिजे. सुरुवातीला धूर येणारच, त्याला घाबरू नका, टू-स्ट्रोक आहे. पाच-दहा मिनिटं गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि गिअर ऑइल वारंवार कमी होतं असं कळलं तर क्लच बाजूचं क्रँक सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. उलट रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, इंजिन आपोआप चढत असेल, तर कुठूनतरी हवा ओढतंय, मॅग्नेट बाजूचं सील किंवा कार्बोरेटरचा रबर जॉइंट. सील स्वस्त असतं पण हवा ओढत चालवलेलं इंजिन पातळ मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकतो, तेव्हा तशी गाडी चालवत घरी आणू नका, टेम्पोत टाका.

आवाज ऐका. खालून "खडखड" आली तर क्रँकचं बिग एंड, वरून टकटक असेल तर पिस्टन सैल. दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या, गिअर उडी मारतो का बघा. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, आत गंज आहे का. हँडलखाली मानेजवळ फ्रेमला वेल्डिंग असेल तर गाडी कुठेतरी समोरून ठोकलेली आहे.

शेवटचा प्रश्न, हा विसरलात तर घरी येईपर्यंत इंजिन जाम होऊ शकतं: "ऑइल पंप चालू आहे की काढलाय?" आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, पण बऱ्याच मिस्त्रींनी तो काढून टाकलाय आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवतात. पंप काढलेल्या गाडीत तुम्ही नुसतं पेट्रोल भरून निघालात तर इंजिनला ऑइल मिळतच नाही.

स्टेप ५. व्यवहार

रिस्टोर केलेली घ्यायची की पडीक? नवख्यांना चकाचक आवडते पण नवीन पेंटखाली काय आहे ते दिसत नाही. मी म्हणेन चालू स्थितीतली, जुन्या रंगाची, मळकी गाडी घ्या. टोकन थोडंच द्या, साध्या कागदावर का होईना लिहून घ्या की कागद क्लिअर झाले नाहीत तर टोकन परत. बाकी रक्कम बँकेतून, आणि पूर्ण रक्कम नावावर करायचा अर्ज पडल्यावरच.

स्टेप ६. पेठ रोड आरटीओ: नावावर करणं आणि रीपासिंग

लागणारे कागद:

- मूळ आरसी, हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर डुप्लिकेट
- फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या
- दोघांचे आधार, फोटो, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०
- चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी
- रीपासिंगसाठी फॉर्म २५ आणि पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, त्याची पावती
- बोजा असेल तर फॉर्म ३५

मुदत संपलेली असेल तर बहुतेक वेळा आधी रीपासिंग आणि मग ट्रान्सफर असा क्रम लागतो, म्हणजे रीपासिंग जुन्या मालकाच्या नावाने होणार, म्हणून पुन्हा सांगतो, मूळ मालक सोबत पाहिजे. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. जाताना हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, आरसे सगळं चालू करून जा, सायलेन्सर मूळचा लावा. रंग बदललेला असेल तर आरसीवरच्या रंगाशी जुळत नाही म्हणून तिथेच अडकतं. जुन्या गाड्यांच्या रीपासिंगची फी २०२२ पासून बरीच वाढलीय, ताजा आकडा पोर्टलवरच बघा, चहाच्या टपरीवर विचारू नका. एजंट लावायचा तर लावा, पण सरकारी फीची पावती वेगळी मागा.

पीयूसीची भीती नको. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ९००० पीपीएमची मर्यादा आहे, नंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ आणि ६०००. कार्बोरेटर नीट लावलेला, एअर फिल्टर साफ आणि इंजिन गरम असेल तर पास होते.

इन्शुरन्स ऑनलाइन निघत नाही अशी तक्रार खूप असते कारण यादीत मॉडेलच सापडत नाही. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत आरसी घेऊन जा, थर्ड पार्टी देतात. २०२२ ला ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६, जीएसटी आणि स्वतःचा अपघात विमा वेगळा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पण आता लागतेच, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, आणि ती परिवहन विभागाच्या साईटवरूनच बुक करा, तशाच दिसणाऱ्या खोट्या साईट खूप आहेत.

स्टेप ७. इंजिन काम

कागद झाले, आता निवांत इंजिन उघडा. हाफ इंजिन म्हणजे हेड-सिलेंडर-पिस्टन, फुल म्हणजे क्रँक, बेअरिंग, सील सगळं. इंजिन किती वर्षं उभं होतं ते माहीत नसेल तर दोन्ही क्रँक सील बदलाच.

सिलेंडर झिजला असेल तर बोअर मारून पुढच्या साइजचा पिस्टन बसतो, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी असे ओव्हरसाइज मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन घेऊन लेथवर जा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलटं करू नका. आणि लेथवाल्याला तोंडाने सांगा की पोर्टच्या कडा हलक्या घासून द्या. फोर-स्ट्रोकचेच सिलेंडर करणाऱ्याच्या हे लक्षात राहत नाही, मग धारदार कडेत रिंग अडकते आणि तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर. एवढं तुम्ही स्वतः उभं राहून बघा, मिस्त्री कितीही मोठा असला तरी.

"पोर्ट मारून देतो, हेड घासून देतो, रॉकेट होईल" असं कोणी म्हणालं की हात जोडा. वरचा वेग थोडा वाढतो, खालचा जोर जातो, पेट्रोल पाण्यासारखं जातं आणि सिलेंडर एकदा कापला की परत येत नाही. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचंही तेच, दंड बसतोच आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या शिव्या मोफत.

बोअर झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या रेसच्या खालीच, मध्ये मध्ये थांबून थंड होऊ द्यायची. गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचं, आल्यावर प्लग काढून बघायचा. चॉकलेटी असेल तर छान, काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरट असेल तर लगेच थांबवा, मिश्रण पातळ आहे.

स्टेप ८. ऑइल आणि पेट्रोल

टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल घेताना डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं घ्या. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल चालणार नाही. पंप नसेल तर आरएक्स, मॅक्स वगैरेंना चालू इंजिनाला लिटरला साधारण २० ते २५ मिली, नवीन बोअरला ३० च्या आसपास. जुन्या जावा-येझदी-राजदूतला जास्त लागतं, त्यांचं माप मिस्त्रीला विचारून घ्या. मेडिकलमधून मोठी सिरिंज घेऊन ठेवा, "अंदाजे एक झाकण" हा प्रकार नको. ऑइल आधी टाकीत, वरून पेट्रोल, मग गाडी थोडी हलवा.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. जुने रबर पाइप फुगतात, कार्बोरेटरचे वॉशर खराब होतात, टाकीला आतून गंज चढतो. पाइप नवीन टाका, आणि गाडी दोन-चार आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. कॉक तर रोजच बंद करायची सवय लावा, नाहीतर सकाळी क्रँकमध्ये पेट्रोल साठलेलं आणि तुम्ही घामाघूम.

स्टेप ९. घाट आणि पाऊस

टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक जवळपास नसतोच, आणि बहुतेकींना ड्रम ब्रेक. कसारा उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे येताना सवयीने रेस पूर्ण सोडून गिअरमध्ये गाडी सोडून देऊ नका. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत रेस बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र चाकांच्या जोराने फिरतच असतं. अधूनमधून थोडी रेस द्या, वेग आधीच कमी ठेवा. चालता चालता इंजिन जड वाटलं, आवाज बदलला, तर ताबडतोब क्लच दाबा. पिस्टन धरला की मागचं चाक लॉक होतं, म्हणून सुरुवातीला दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय लावा, जुने लोक उगाच ठेवत नाहीत.

पावसात त्र्यंबक-इगतपुरीकडे जाणार असाल तर प्लग कॅप आणि मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग नवीन टाका, पाणी तिथूनच शिरतं. थंडीत चोक लागणारच, निफाडकडची सकाळ असेल तर जरा जास्त वेळ. डिकी नसते, तेव्हा सीटखाली नाहीतर छोट्या पिशवीत जास्तीचा प्लग, प्लग पाना, १०-१२-१४ चे पाने, पॉलिश पेपरचा तुकडा, एक क्लच केबल आणि शंभर मिली ऑइलची बाटली एवढं ठेवा. ऑइलची बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळा आणि कागदांपासून लांब.